बारा लाल ठिपके

४ फेब्रुवारी

भावोजी, नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे न उघडताच फेकून द्याल अशी धास्ती होती, म्हणून पत्ता आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. बावीस वर्षांनी लिहितेय, म्हणजे गरज माझीच आहे, हे आधीच कबूल करते.

ऑक्टोबरमध्ये तुमच्या दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात, ऐकतात सगळं, कळतं सगळं, चिडतात तर पूर्वीपेक्षा जास्त. फक्त जीभ वळत नाही. डाव्या हातात पेन दिलं की दोन रेघा ओढतात आणि कागद भिरकावून देतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांचा लॅपटॉप पुढे ठेवून बघितला. बोट थरथरतं, एका अक्षराच्या जागी सात उमटतात.

गेल्या महिन्यात यांनी काठीनं कपाटावरची पेटी दाखवली. तीच, टीव्हीला जोडायचा तुम्हा भावांचा तो जुना कॉम्प्युटर, बटणं आणि यंत्र एकाच डब्यात असलेला. त्याची बटणं जाड, मनापासून दाबल्याशिवाय अक्षर उठत नाही, म्हणून यांना तो हवाय. मी जोडून बघितला तर पडद्यावर नुसते पट्टे. दोन दुकानांत नेला. एक जण हसला, दुसऱ्यानं शोभेला ठेवायला मागितला.

यांना काहीतरी सांगायचंय, भावोजी. चार महिने ते घशाशी येऊन अडकलंय आणि मला ते ऐकायचंय. म्हणून लिहितेय. एरवी ज्या पेटीवरून तुम्ही घर सोडलंत ती तुमच्याच हाती द्यायला माझं मन घेत नव्हतं, हेही सांगून टाकते. पण तिचं पोट ओळखणारे दोघंच, आणि त्यातला एक बोलत नाही.

यांना यातलं काही कळू देणार नाही. फोन करू नका, तो यांच्या खुर्चीशेजारीच असतो. पत्र रफूच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. मी दुपारभर तिथं लोकांच्या कोटांची भोकं बुजवत असते.

वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

अक्षर मालकीणबाईंचं असलं म्हणून काय झालं? पाकीट डिंकानं चिकटवून वर दोन टाके मारणारी बाई मला एकच माहीत आहे.

दादाचं वाचून वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ते तिथंच राहू दे.

पण मनात पाल चुकचुकली, तेही लिहितो. त्याच पेटीतली चांगली आयसी काढून मी आपल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये घातली आणि तिच्या जागी कुठूनतरी उतरवलेली, भलत्या कंपनीची बसवली, असा आळ दादानं माझ्यावर घेतला होता. आयसी म्हणजे ती पुष्कळ पायांची काळी चिप, तुम्ही तिला झुरळ म्हणायचात. मग आज तीच पेटी माझ्याकडे कशी? बिघडलेली परत आली की 'बघा, हा असाच' म्हणायला? की ही खरोखर दुरुस्तीच आहे?

त्या दुपारी मी पेटी का उघडून बसलो होतो ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. दादाला तुम्ही त्यातलं निम्मंच सांगितलंत. उरलेलं निम्मं मी बावीस वर्षं कुणाजवळ बोललेलो नाही, आजही बोलत नाही.

पाठवायची असेल तर पाठवा, पण माझ्या अटींवर. पेटी हातात आली की मी आतल्या एकूण एक वस्तूची यादी करणार. ती दोन प्रतींत येईल, एकीवर तुम्ही सही करून परत धाडायची. मधे तिसऱ्या माणसाचा हात लागता कामा नये. आणि घाई करायची नाही.

मी आता एका जिन्याखालच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करतो. काट्यांचं बरं असतं. खोटं बोलले की तिथल्या तिथं पकडता येतात.

तुमचा दीर

१५ फेब्रुवारी

भावोजी,

अटी वाचल्या. लग्न जमवतानासुद्धा लोक इतक्या अटी घालत नाहीत. सगळ्या मान्य.

पेटी आजच्या पार्सलनं पाठवतेय. जुन्या रजईत गुंडाळून वरून जाड कापड शिवलं आहे, तेव्हा प्रवासात काही हललं म्हणायची सोय नाही. यादी तुम्ही करणारच आहात. मीही तीस वर्षं दुरुस्तीवाल्याच्या घरात काढली आहेत, त्यामुळे माझ्या परीनं मीही काळजी घेतली आहे. कोणती, ते सांगत नाही.

पेटी उचलताना यांनी माझं मनगट धरलं. कुठे नेतेस, असं डोळ्यांनी विचारलं. दुकानात, म्हटलं. कुणाच्या, असं भुवईनं विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ते बोलले नव्हतेच, त्यामुळे सोपं गेलं.

निम्म्याबद्दल तुम्ही लिहिलंत. त्यावर मला आत्ता काही लिहायचं नाही.

वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

पेटी पोचली. तुमचे टाके उसवायला तास गेला, पेटी उघडायला पाच मिनिटं.

यादी सोबत आहे, दोन प्रती. वीजपुरवठ्याच्या भागातले तीन कंडेन्सर सुकून फुगले होते. ते बदलले. जुने तिन्ही पुडीत बांधून पाठवतोय, उद्या विचारायला नको. पट्टे गेले, पडदा स्वच्छ झाला, कर्सर डोळा मिचकावू लागला. मी माझं नाव दाबलं, ते उमटलं. मनातून बरं वाटलं. आणि दहा मिनिटांनी सगळी अक्षरं विस्कटली, पडदा गोठला. थंड होऊ दिली की पुन्हा दहा मिनिटं चालते, पुन्हा तेच. गरम झाल्यावर कुठंतरी काहीतरी सुटतंय, पण कुठं ते सापडत नाही.

एक विचारतो, सरळ उत्तर द्या. माझ्याआधी ही कुणी उघडली होती? तळाच्या चार स्क्रूंची तोंडं चार दिशांना आहेत आणि नीट पिळलेलेही नाहीत. आतल्या धुळीत बोटं फिरली आहेत, तीही ताजी. माझी खोड तुम्हाला आठवत असेल, स्क्रू पिळून झाला की सगळ्यांच्या खाचा उभ्या, एका रेषेत आणून ठेवतो. दादा चिडवायचा, स्क्रूंची कवायत घेतोस का म्हणून. तो स्वतः वाकडेतिकडे ठेवायचा, पण सैल कधी सोडले नाहीत. हे काम दादाचं नाही आणि माझंही नाही. मग कुणाचं?

तुमचा दीर

३ मार्च

भावोजी,

पेटी कुणीही उघडलेली नाही. कपाटावर होती, तिथून रजईत गेली. धुळीतली बोटं तुमचीच असतील, चष्मा तपासून घ्या.

यादी वाचली. सातव्या ओळीत लिहिलंय, 'मोठी आयसी एक, इतरांपेक्षा वेगळ्या कंपनीची, आलेली तशीच.' हे 'आलेली तशीच' एवढ्या एकाच ओळीत कशाला? स्क्रूंपुढे नाही, वायरींपुढे नाही, बरोबर त्याच आयसीपुढे! माझी सही घेऊन बावीस वर्षांपूर्वीचं धुऊन काढायचा बेत असेल तर मी इतकी खुळी नाही. सही केलेली नाही.

आणि दहा मिनिटं चालून बंद पडते म्हणता. बंद पडलेली पेटी चालू करणारा माणूस चालू पेटी बंदही पाडू शकतो, हे मी घरात बघितलं आहे. कुठेतरी पाणी मुरतंय. पेटी उघडी ठेवून वरून फोटो काढा, भरपूर उजेडात, सगळ्या आयसी दिसतील असा, आणि छापून पाठवा.

हे रोज व्यायाम झाला की रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसतात. डाव्या हाताचं बोट लाकडावर दाबतात, तेच तेच चार-पाच ठिकाणी. मी बटणांच्या जागा आठवून काही जुळतंय का बघितलं. नाही जुळलं. त्यांना तसं दाबताना बघवत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत बसते. तेवढ्यासाठी तरी लवकर करा.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

फोटो सोबत आहे. दुकानाच्या दारात टेबल ओढून, दुपारच्या उन्हात काढला. भिंग लावून बघा.

'आलेली तशीच' का लिहिलं ते तुम्हाला समजलं आहे, म्हणून राग आला. सही करायची नसेल तर नका करू. पेटीला त्यानं फरक पडत नाही.

अजून पंधरा दिवस लागतील. आत काही गोष्टी अशा आहेत की त्यांना हात न लावता मला काम करायचंय. त्या कोणत्या ते विचारू नका. विचारलंत तर जुनं सगळं निघेल आणि मला ते नको आहे.

टेबलाचं वाचलं.

तुमचा दीर

१३ मार्च

भावोजी,

बारा होते. फोटोत अकरा आहेत.

आता ऐका. पाठवण्याआधी पेटी मीच उघडली होती. स्क्रूड्रायव्हर यांचा, चष्माही यांचाच. खोटं बोलले ते बोलले. नुसत्या दाबून सॉकेटात बसवलेल्या आयसी बोटानं उचलल्या की निघतात, एवढं मलाही माहीत आहे. तशा बारा मोजल्या. प्रत्येकीच्या कडेला, अर्धा तिच्यावर आणि अर्धा सॉकेटवर येईल असा, लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. आयसी हलवली की ठिपका मोडणार. तुम्ही पाकिटावरच्या टाक्यांना हसलात ना, हेही टाकेच होते.

डावीकडून चौथ्या आयसीवर ठिपका नाही. ती तुम्ही काढलीत आणि एका शब्दानं लिहिलं नाहीत. उलट 'हात न लावता' म्हणून मला शेंडी लावलीत. कशाला हात लावला नाहीत, ते दिसतंच आहे.

मला तुमच्याकडून दुरुस्ती नको. पेटी आहे तशी, ती चौथी आयसी जिथं गेली असेल तिथून काढून, परत पाठवा. हे चिडतील, मी सोसेन. दोनदा फसले एवढं मात्र मला सोसणार नाही.

वहिनी

१८ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचून दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो. समोरचा चांभार बघायला आला.

ते ठिपके मी दादाचं सील समजत होतो. आपल्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक मशीनला दादा लाल रंगाचं सील लावायचा, आठवतं? पेटी उघडली, बारा आयसींवर बारा लाल सिलं दिसली, आणि वाटलं, मी गेल्यावर दादानं एकूण एक आयसी सीलबंद करून टाकली, पुन्हा कुणी चोरू नये म्हणून. तेव्हाच ठरवलं, सील तोडायचं नाही, नाहीतर पुन्हा माझ्यावरच यायचं. तीन आठवडे मी त्या बारा आयसींना हात न लावता बिघाड शोधत होतो. रोग्याचा सदरा न काढता ऑपरेशन करावं तसा प्रकार. चौथी फार तापत होती, म्हणून नाइलाजानं ती एकच उपटली, पुसली आणि तीच परत बसवली. भीतीनं तुम्हाला लिहिलं नाही. हा तुमचा बारावा ठिपका.

बिघाड कुठला होता माहीत आहे? तुमचं नेलपॉलिश. ब्रश चांगला भरून लावलंत. ते आयसीच्या पायांवरून ओघळून सॉकेटात उतरलं आणि तिथं वाळलं. थंड असताना पाय कसाबसा धातूला टेकतो. गरम झालं की तसूभर सरकतो आणि पॉलिशवर चढतो, मग वीज पुढे जात नाही. पेटीचं मूळ दुखणं मी पहिल्याच दिवशी बरं केलं होतं. दुसरं आपण दोघांनी मिळून तिला लावलं. तुम्ही लावलंत आणि मी जपलं.

पत्र आल्यावर समोरच्या गल्लीतून रिमूव्हरची बाटली आणली. कोणता रंग काढायचाय, असं दुकानातल्या बाईंनी विचारलं. लाल, म्हटलं. त्यांनी एकवार माझ्या नखांकडे बघितलं. मग बाराही आयसी उपटल्या आणि काडीला कापूस गुंडाळून एकेक पाय पुसला.

त्यामुळे ती मोठी, वेगळ्या कंपनीची आयसी मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. उलटी केली. दादाची सवय तुम्हाला माहीत आहे, नवा पार्ट बसवला की त्याच्या पोटाला सुईनं तारीख कोरायची. वहिनी, तिच्या पोटाला दादाच्या हातची तारीख आहे. आमच्या भांडणाच्या दोन वर्षं आधीची. ती आयसी त्यानंच बसवली होती आणि विसरला होता. त्या दिवशी वरचं नाव बघून अंगावर धावून आला, उलटून बघितलं नाही. सगळ्या पार्टांच्या खाली लिहून ठेवणारा माणूस, आणि एवढी एक उलटायला सुचली नाही. मलाही सुचली नाही. ती मी बसवलीच नव्हती, मग मी कशाला बघू?

आता उरलेलं निम्मं. त्या दुपारी तुमच्या हातून पेटीवर चहा सांडला. तुम्ही घाबरलात, यांना सांगू नका म्हणालात. मी पेटी उघडून पुसली आणि सांगितलं नाही. आठवड्यानं बटणं अडकायला लागली, दादानं पेटी खोलली, कुणी उघडली होती विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, 'भावोजी बसले होते उघडून.' तेवढंच. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि तेही तुम्हालाच.

पेटी काल दुपारभर अखंड चालली. अजून चार-पाच दिवस चालवून बघतो आणि पाठवतो.

तुमचा दीर

२३ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र मी हातातलं काम न ठेवता वाचलं आणि सुई बोटात गेली. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडला. मालकीणबाई काय म्हणाल्या ते सोडून देते.

चहा माझ्याच हातून सांडला होता. तुम्ही घर सोडून जात होतात तेव्हाही मी दाराआड उभी होते आणि एक वाक्य बोलायचं होतं. तोंडातून फुटलं नाही. यांचा राग तुम्हाला माहीत आहे, मलाही होता. उद्या सांगू म्हटलं. ते उद्या बावीस वर्षं चाललं. मला लाज वाटते, भावोजी. याहून चांगला शब्द शोधत बसत नाही.

पण खरं लिहायचं ठरलं आहे, तर हेही लिहिते. तारखेचं वाचलं आणि दुसऱ्याच मिनिटाला मनात आलं, सुई तर भावोजींकडेही असेल. इतकी लाज वाटत असतानाही असं मनात आलं! घरी जाताना विचार केला, मला तुमच्यावर इतका संशय का? तेव्हा कळलं, मला तुम्ही चोर असायलाच हवे होतात. तुम्ही चोर असलात तर माझ्या चहानं काही बिघडलं नव्हतं.

तरीही पेटी आली की मी ती आयसी स्वतः उपटून बघणार आहे. राग मानू नका. मानलात तरी बघणार आहे.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

पेटी सोबत आहे. मी शिवलेली नाही, दोरी बांधली आहे.

राग मानला नाही. पण एक विनंती करतो, आयसी उपटू नका. तिचे पाय जुने आहेत, वाकले तर मोडतील आणि तशी दुसरी आता मिळायची नाही. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, पायांची काळजी घ्या म्हणतो.

यंत्राचं काम संपलं. दादा काय लिहितो ते तेवढं कळवा. काहीही लिहिलं तरी, जसंच्या तसं.

तुमचा दीर

९ एप्रिल

भावोजी,

तुम्ही उपटू नका म्हणालात, तेव्हाच मी ठरवलं की आता तर बघायचंच. इतक्यांदा फसल्यावरही पाल चुकचुकायची राहत नाही. स्क्रूड्रायव्हर काढूनच ठेवला होता.

पार्सल यांनीच सोडलं, दोरीची गाठ दातानं ओढून. पेटी मांडीवर उलटी घेतली आणि तळाच्या चार स्क्रूंवरून अंगठा फिरवला. चारही खाचा उभ्या, एका रेषेत. माझ्याकडे बघितलं. दुकान कुणाचं, हे या वेळी भुवईनंसुद्धा विचारलं नाही. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे झाले तर डावा तळवा पेटीवर ठेवला आणि मी मागे होईपर्यंत उचलला नाही. त्यामुळे आयसी मी बघितलेली नाही. आता बघायची गरजही उरली नाही, ते का, ते ऐका.

पहिला दिवस नुसतीच बटणं दाबण्यात गेला. दुसऱ्या दिवशी लिहायला लागले. पेटीला इंग्रजीच अक्षरं येतात, त्यांतच मराठी लिहितात. एका ओळीला अर्धा तास लागतो. मी शेजारी बसून कागदावर आपल्या अक्षरांत उतरवते. तुम्ही जसंच्या तसं मागितलंत, तर घ्या.

स्क्रू त्याचे.

चहासुद्धा नको म्हणाले. मग हे.

आयसी मीच बसवली होती. त्याला लिही.

मी यांना तारखेबद्दल अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? बोटानं आकडा दाबला. चौदा वर्षं. चौदा वर्षांपूर्वी धूळ काढायला पेटी खोलली होती, तेव्हा. मी म्हटलं, चौदा वर्षं माहीत होतं आणि तुम्ही गप्प राहिलात? त्याचं उत्तर यायला दुपार झाली.

बोलता येत होतं तेव्हा बोललो नाही.

तेव्हा मीही चहाचं सांगून टाकलं. दारात उभी राहून, म्हणजे पळता आलं असतं. यांनी मान हलवली आणि लिहिलं की तेही माहीत होतं, बटणांखाली डाग होता. म्हणजे मी लपवत होते ते यांना माहीत, आणि हे लपवत होते ते मला नाही! मी रडले आणि मग भांडलेही. ऑक्टोबरनंतरचं आमचं पहिलं भांडण. माझं बोलून झालं की यांचं टाइप होईपर्यंत मला थांबावं लागायचं, त्यामुळे म्हणावं तसं रंगलं नाही.

संध्याकाळी विचारलं, पेटी नव्हती तेव्हा टेबलावर काय दाबत होतात? यांनी न थरथरता लिहिलं. छोटू.

हे नाव या घरात बावीस वर्षं कुणी घेतलेलं नाही. त्याच्या खाली आणखी एकच शब्द आहे, बोलव. मी बोलावतेय.

वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

त्या आयसीच्या पोटाला तारखा दोन आहेत. तुम्हाला एकच लिहिली. पार्ट नुसता काढून परत बसवला तरी दादा पुन्हा तारीख कोरतो, तशी दुसरी पहिलीच्या खाली आहे. चौदा वर्षांपूर्वीची. ती बघितली आणि मी दुकान बंद करून घरी गेलो. पहिल्या तारखेनं मी सुटलो होतो. दुसरी वाचून असं वाटलं की माझ्यावरचा आळ खोटा आहे हे कळल्यावरही दादानं तो तसाच राहू दिला. चुकून घेतलेला आळ मी कधीच माफ केला होता. हा होत नव्हता.

पाय वाकतील ही थाप होती. दुसरी तारीख तुमच्या दृष्टीस पडू नये म्हणून मारली. तुम्ही ती बघितली असती तर आयसी त्याच्या नाकासमोर धरून जाब विचारला असता, आणि बोलता न येणाऱ्या माणसाला मान हलवावीच लागली असती. मला हलवलेली मान नको होती. म्हणून पेटी नीट केली, पाठवली आणि तो आपणहून काय लिहितो याची वाट बघत बसलो. काही दुसरंच लिहिलं असतं, तर हे पत्र तुम्हाला आलं नसतं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. 'बोलता येत होतं तेव्हा' ही ओळ वाचताना समोरच्या चांभाराकडे पाठ करून बसलो.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. दादाला सांगा, अर्धा तास लागला तरी चालेल, मला घाई नाही. आल्यावर चहा घेईन. फक्त तो पेटीपासून हातभर लांब ठेवा.

छोटू